२००४ च्या त्सुनामीत लाट श्रीलंकेला पोचायला दोन तास लागले होते. तरी तीस हजारांवर माणसं कशी मेली? लोक पळाले का नाहीत?

मी पळालो नाही. उलट कॅमेरा आणायला वर गेलो. म्हणून हे उत्तर लिहितोय, नाहीतर इथे मी फक्त वाचायला येतो.

मी इचलकरंजीचा. टेक्स्टाइलचा डिप्लोमा. २००२ ते २००७ श्रीलंकेत कोग्गलाच्या निर्यात क्षेत्रात एका कपड्यांच्या कारखान्यात उत्पादन बघायचो. गॉल शहरापासून हे पंधरा-वीस मिनिटांवर. राहायला हबराडुवाला एका म्हातारीच्या घरी वरची खोली होती. तिला सगळे आच्ची म्हणत, म्हणजे आजी. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे माडांची एक ओळ आणि समुद्र. घराच्या मागे दोन-अडीचशे पावलांवर रेल्वेचे रूळ आणि त्याच्याही मागे टेकाडावर विहार. हा नकाशा लक्षात ठेवा.

तुमचा प्रश्न वाचून डोकं फिरलं, कारण हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत, आमचे दाजी गेली वीस वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात विचारतात. "दोन तास होते की! बैलगाडीनं निघाली असती माणसं तरी वाचली असती." वर पुन्हा, जनावरांना कळलं आणि माणसांना कळलं नाही, हेही ठरलेलं. दाजी मोठे आहेत, त्यामुळे तिथे गप्प बसतो. इथे बसणार नाही.

पहिली गोष्ट, ते दोन तास कुणाकडे होते? सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा श्रीलंकेच्या घड्याळात सात वाजायला एक मिनिट होतं. पूर्व किनाऱ्यावर पाणी आलं साडेआठ-पावणेनऊच्या सुमाराला, आणि बेटाला वळसा घालून आमच्या दक्षिणेला आलं सव्वानऊ-साडेनऊला. म्हणजे अडीच तास. पण आमच्या पायाखाली काही हललं नव्हतं. हिंदी महासागरात तेव्हा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हवाई बेटांवरच्या त्सुनामी केंद्राला भूकंप कळला, पण ते केंद्र पॅसिफिकसाठी. हैदराबादचं आपलं केंद्र सुरू झालं २००७ मध्ये. तेव्हा ते दोन तास भूकंपमापकाकडे होते, माणसांकडे नव्हते. माणसांकडे काही मिनिटं होती, आणि त्या मिनिटांत काय झालं तेच सांगतो.

त्यातही मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, तर पूर्वेकडे कल्मुनाई बुडाल्यावर आमच्याकडे पाणी यायला अर्ध्या-पाऊण तासाचा वेळ होता. देश एकच, बेट एकच. पण रविवार, त्यात पोया म्हणजे पौर्णिमेची सुट्टी, त्यात नाताळचा दुसरा दिवस. आमच्या पट्ट्यात एका माणसाला पत्ता नव्हता. रेल्वेवाल्यांना कुणकुण लागली होती. कोलंबोहून माताऱ्याला निघालेली गाडी अम्बलनगोडाला थांबवायला म्हणून त्यांनी फोन लावला, तर स्टेशनातली माणसं त्याच गाडीच्या गडबडीत फलाटावर. फोन उचलला गेला तेव्हा गाडी सुटली होती. पुढे पेरालिय गावापाशी तिचं काय झालं ते जगाला माहीत आहे, खाली येईलच.

आता त्या सकाळचं. चहा घेऊन मी गॅलरीत होतो. रस्त्यावर पाणी आलं. लाट म्हणून जी आपण चित्रात बघतो तसलं काही नाही. टाकी भरून वाहायला लागल्यावर गच्चीवर पाणी पसरतं ना, तसं आलं. गुडघाभर. काळपट, फेसाळ, आणि भलतंच घाईत. आच्चीच्या अंगणातला नारळ सोलायचा खांब आडवा झाला, कोंबड्या ओरडल्या, दोन सायकली गेल्या. आणि थोड्या वेळात ते परत फिरलं.

इथे एक बारकी गोष्ट सांगतो, ती बहुतेकांना माहीत नसते. थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे हटला आणि मग लाट आली. श्रीलंका भूकंपाच्या भेगेच्या दुसऱ्या बाजूला, पश्चिमेला. तिथे आधी पाणी आलं, मग समुद्र मागे गेला आणि मग खरं पाणी आलं. त्यामुळे आम्हाला सगळ्यांना वाटलं, जे काही व्हायचं होतं ते होऊन गेलं. संपलं. दाजी, हे "संपलं" वाटणं ध्यानात घ्या.

मी पंचगंगेच्या काठी वाढलेला माणूस. पाणी चढतं, पाणी उतरतं, उतरलं की आपण चिखल काढायला लागायचं, एवढंच मला पाण्याचं शिक्षण. पूर ओसरला असं माझ्या डोक्यानं मला मराठीत सांगितलं, आणि मी खोलीतून कॅमेरा घेऊन खाली उतरलो. रस्ता ओलांडून माडांपर्यंत गेलो. समुद्र नव्हता. कोग्गलाला मासेमार पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसून गळ टाकतात, त्या काठ्या पार बुडापर्यंत उघड्या, खडकात दगड ठोकून बसवलेल्या. त्यांचं बूड मी दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं. प्रवाळाच्या खडकावर मासे उड्या मारत होते. पोरं ते गोळा करायला धावली. मी चार फोटो काढले.

मागून आच्ची ओरडत होती. "मुहुद गोड गलनवा!" समुद्र जमिनीवर वाहतोय. मला सिंहली तेवढी येत होती. पण मला वाटलं म्हातारी मघाचं सांगतेय. येऊन गेलं की, आता काय? त्यांच्याकडे विहारमहादेवी राजकन्येची जुनी कथा आहे. बापाच्या पापानं समुद्र राज्यात घुसला आणि तो शांत करायला तिला नावेत घालून सोडलं, अशी. आच्चीच्या डोक्यात ती होती. त्सुनामी हा शब्द मात्र आमच्यापैकी कुणाच्याच तोंडात नव्हता. डिप्लोमावाल्याच्या डोक्यात काहीच नव्हतं.

तिचा नातू, चौदा-पंधरा वर्षांचा, येऊन माझा शर्ट धरून ओढायला लागला तेव्हा मी वळलो. त्याच्या चेहऱ्याकडे बघून पळालो, समुद्राकडे बघून नव्हे. रुळांपाशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला. विमानाचा म्हणतात, रेल्वेचा म्हणतात. मला तो आमच्या गावच्या यंत्रमागांसारखा वाटला, शेकडो माग एकदम सुरू झाल्यासारखा. टेकाडावर विहारात पोयाच्या शीलाला, म्हणजे व्रताला, बसलेल्या पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या होत्या. त्या सगळ्या वाचल्या. पहाटेपासून देवळात होत्या म्हणून.

शेजारच्या घरातली बाई आमच्याबरोबर रुळांपर्यंत आली होती. तिथून ती परत गेली. कशाला? ओळखपत्र आणायला. यादवीच्या काळात श्रीलंकेत ओळखपत्राशिवाय तपासनाक्यावर काय होतं ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. मूर्ख नव्हती ती. तिच्या अनुभवानं तिला जे सगळ्यात मौल्यवान शिकवलं होतं तेच आणायला गेली. तिसऱ्या दिवशी सापडली.

पेरालियला तर माणसं गाडीतच चढली. पहिल्या पाण्यानं गाडी थांबली. आजूबाजूच्या गावकऱ्यांना वाटलं एवढा लोखंडाचा डोंगर, याच्यापेक्षा सुरक्षित काय? पोरं डब्यांत चढवली, काही जण गाडीच्या आडोशाला उभे राहिले. दुसऱ्या पाण्यानं आठही डबे उचलले. १,७०० च्या आसपास माणसं गेली असं धरतात. जगातला सगळ्यात मोठा रेल्वे अपघात म्हणून त्याची नोंद आहे. तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवरच्या हिक्कडुवाला प्रवाळाचं रक्षण झालं होतं, तिथे पाणी त्या मानानं कमी शिरलं. पेरालियच्या बाजूला चुन्यासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ फोडून नेलेलं. या विषयावर वेगळा प्रश्न विचारा, वेगळं भांडेन.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते.

आमच्याकडे ७ नंबर लाइनीवर ओव्हरलॉकला, म्हणजे कापडाची कड शिवायच्या मशीनवर, एक मुलगी होती. सिंहलीत धाकट्या बहिणीला आणि एकूणच लहान मुलीला "नंगी" म्हणतात. पहिले सहा महिने ती हाक माझ्या तोंडून निघेना, लाइनीवर उभा राहून घाम फुटायचा. तर ही नंगी बोर्डिंगमध्ये राहायची, घर हिक्कडुवाच्या पुढे किनाऱ्यालगत. ऑक्टोबरात तिच्या डब्याच्या पिशवीत सुरक्षावाल्यांना धाग्याचा अर्धा कोन, म्हणजे मोठं रीळ, सापडला. मोरपंखी रंग, एका युरोपी गिऱ्हाइकाच्या ऑर्डरसाठी खास रंगवून आणलेला. मेमोवर सही माझी. पगारातून पैसे कापले.

२६ तारखेला ती बोर्डिंगमध्येच होती, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी म्हणून. घरी आई आणि धाकटी बहीण. २९ ला मी कारखान्याची व्हॅन काढून तिला आणि आणखी चौघींना करापिटियाच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. गॉलचं बसस्टँड तेव्हा बघवत नव्हतं, बस एकमेकींवर चढलेल्या. क्रिकेटचं मैदान चिखल आणि फळकुटांनी भरलेलं. दवाखान्यात प्रेतं ठेवायला जागा नव्हती. आठवड्याभरात तिथे हजारावर आली. डॉक्टर फोटो काढत होते, नंबर घालत होते आणि पाठोपाठ ट्रक भरून पुरायला नेत होते. भिंतीवर फोटो. तीन दिवसांच्या उन्हानंतरचे चेहरे. मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो, आई असली तरी ओळखत नाही.

ती चेहरे बघतच नव्हती. कपडे बघत होती. तासाभरानं एका फोटोपाशी थांबली. घरात घालायचा झगा, खांद्यावर फाटलेला, आतली शिवण उलटून बाहेर आलेली. चार धाग्यांचं ओव्हरलॉक, मोरपंखी. ती मला म्हणाली, "सर, हा आपला धागा." आपला म्हणाली. त्या रंगाचा कोन अख्ख्या गॉलच्या बाजारात मिळाला नसता.

फोटोतलं प्रेत आदल्या दिवशीच पुरलं होतं. तिला एक नंबर मिळाला आणि कुठल्या बाजूच्या खड्ड्यात एवढं तोंडी कळलं. बहीण कधीच सापडली नाही.

म्हणून मला त्या घाईघाईच्या दफनांबद्दल कुणी "गरजच होती" म्हटलं की चीड येते. प्रेतांमुळे साथ येते, ही भीती तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आपत्तीत मेलेल्या धडधाकट माणसांच्या प्रेतांतून अशी साथ पसरत नाही. साथ पसरते ती जिवंत माणसांच्या छावणीतल्या घाण पाण्यातून आणि संडासांतून. दोन दिवस थांबून, नीट नोंद करून, वेगवेगळं पुरलं असतं तर हजारो घरांना जागा तरी कळली असती. करापिटियाच्या डॉक्टरांनी फोटो काढले हेच मोठं. अनेक ठिकाणी तेही झालं नाही. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचं घर दारावर थाप पडली की उठतं. ती मुलगी दोन वर्षं उठत होती.

प्रेत नाही तर मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही तर काहीच नाही. आपल्याकडे बेपत्ता माणूस मेला असं धरायला सात वर्षं लागतात. श्रीलंकेनं २००५ मध्ये खास कायदा करून त्सुनामीत बेपत्ता झालेल्यांची मृत्यूनोंद लवकर करायची सोय केली. हे त्यांनी चांगलं केलं, सांगायला पाहिजे. अंत्यविधीसाठी माणशी १५,००० रुपये मिळत, त्यांचे रुपये. पण बहिणीच्या दाखल्यावर सही करणं म्हणजे ती मेली असं स्वतःच्या हातानं लिहून देणं. ती करेना. मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावायला गेलो नाही.

मृतांत बायका आणि मुलं जास्त होती, हेही विचारलं नसलं तरी सांगतो, कारण "लोक पळाले नाहीत" यात लोक म्हणजे कोण हे कुणी बघत नाही. पोहायला बायकांना कुणी शिकवलेलं नसतं. रविवारी सकाळी त्या घरात, काखेत एक, हाताला एक. साडी, झगा पायात अडकतो. केस अडकतात. नवरा काही ठिकाणी होडीवर खोल समुद्रात, आणि खोल समुद्रात ही लाट जाणवतसुद्धा नाही. तो दुपारी परत येतो आणि गाव नसतं. आमच्या स्टोअरकीपरचा भाऊ असाच आला.

जनावरांचं म्हणाल तर याला नावाच्या राष्ट्रीय उद्यानात मोठी जनावरं फारशी मेली नाहीत हे खरं. पण तिथल्याच हॉटेलातली माणसं मेली. हत्तीला कळलं की तो मुळातच आत जंगलात होता, हे हत्तीला विचारल्याशिवाय कळणार नाही. आमच्या आच्चीच्या कोंबड्यांना काही कळलं नव्हतं.

तर दाजी, तुम्ही हे वाचणार, कारण मी घरच्या ग्रुपवर टाकणार आहे. ऑगस्ट २०१९. तुमचं कुरुंदवाड. दोन तास नाही, दोन दिवस आधी भोंगा लावून सांगत होते, पाणी वाढतंय, घरं सोडा. रेडिओवर, टीव्हीवर, मोबाइलवर. तुम्ही काय केलंत? "२००५ ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं" म्हणालात आणि इन्व्हर्टरची बॅटरी माळ्यावर चढवत बसलात. ताई रडत फोन करत होती मला. शेवटी बोटीतून काढलं तुम्हाला, आणि बोटीत बसल्यावर पासबुक राहिलं म्हणून परत उतरायला निघाला होतात. तो बोटीतला पोरगा ओरडला म्हणून बसलात. पुराचं पाणी शांत असतं म्हणून आज तुम्ही आम्हाला प्रश्न विचारताय. तिथे तेवढाच फरक होता.

आणि तुमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही जे फोटो दाखवता, उघड्या पडलेल्या समुद्राचे, "बघा, फोटो काढायला वेळ होता लोकांना" म्हणून, ते चार फोटो माझे आहेत. रोल मी इचलकरंजीत धुवून घेतला होता. तुम्हाला हे माहीत आहे. पाहुण्यांना सांगत नाही एवढंच.

प्रश्न विचारणाऱ्यांना: समुद्राकाठी असाल आणि पाणी वेडंवाकडं वागलं, पुढे येऊन की मागे जाऊन, तर उंचावर जा आणि काही तास खाली उतरू नका. पहिल्या लाटेनंतर तर अजिबात नाही. कोकणात हे होणार नाही असं समजू नका. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरान किनाऱ्याच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत येऊन माणसं घेऊन गेली होती. श्रीलंकेत नंतर भोंग्यांचे मनोरे उभारले. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राकडे पुन्हा मोठा भूकंप झाला तेव्हा किनारा रिकामा केला गेला. लाट म्हणावी अशी आलीच नाही. आमचा जुना फोरमन फोनवर हसत होता, पण रुळांपलीकडे उभा राहून हसत होता.

एक राहिलं, ते आधीच लिहायला हवं होतं. मी जे सांगितलं ते दक्षिणेचं आहे. सगळ्यात जास्त माणसं पूर्वेला मेली. एकट्या अंपारा जिल्ह्यात १०,००० च्या वर, बरेचसे मुस्लिम आणि तमिळ. मुल्लैतिवू तर तेव्हा वाघांच्या, म्हणजे एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांच्या, ताब्यात होतं. मदत कशी वाटायची याचा सरकारचा आणि त्यांचा करार २००५ च्या जूनमध्ये झाला, आणि पुढच्याच महिन्यात कोर्टानं त्यातल्या मुख्य गोष्टी थांबवल्या. त्या बाजूला मी गेलो नाही. परदेशी कॅमेरेही गॉलच्या हॉटेलांपाशीच जास्त होते. देशभरात मिळून तीस हजारांच्या वर, बेपत्ता धरून पस्तीस हजारांच्या आसपास, असे आकडे सांगतात.

मेमोचं कुणी विचारेल म्हणून. मी तो फाडला वगैरे नाही. माझ्या हातात नव्हता, कार्यालयातल्या तिच्या फाइलीत होता. मागायला गेलो असतो तर कदाचित दिला असता. गेलो नाही. तीन महिन्यांच्या दानाला, म्हणजे भिक्खूंना जेवण देतात त्याला, तिनं मला बोलावलं होतं. तिथे गेलो, जेवलो.

दर २६ डिसेंबरला श्रीलंकेत ९:२५ ला दोन मिनिटं शांत उभे राहतात. पण तेव्हा त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे होतं, २००६ मध्ये ते मागे घेऊन आपल्याबरोबर आणलं. म्हणजे ते पाणी आजच्या घड्याळात ८:५५ ला आलं होतं. मी ८:५५ ला उभा राहतो. दाजी म्हणतात, सरकार चुकेल का, ९:२५ च बरोबर.